विजय मर्चंट ते कसोटी : भारतीय क्रिकेटपटू घडतो कसा

देशांतर्गत स्पर्धांच्या पायऱ्या चढत तरुण खेळाडू आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी कसा तयार होतो आणि ही व्यवस्था कोठे कमी पडते, याचा आढावा

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर मालिकेतील निर्णायक कसोटीसाठी भारतीय संघ उतरला, तेव्हा जसप्रीत बुमराह, मोहम्मद शमी, रविचंद्रन अश्विन आणि रवींद्र जडेजा हे सारे दुखापतींमुळे संघाबाहेर होते. मोहम्मद सिराज, शार्दुल ठाकूर, नवदीप सैनी, टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या पाच गोलंदाजांना मिळून अवघ्या ४ कसोटी सामन्यांचा अनुभव होता. नटराजन आणि सुंदर यांचे तर ते कसोटी पदार्पणच होते. तरीही या माऱ्याने ऑस्ट्रेलियाचे २० बळी टिपले आणि १९८८ नंतर त्या मैदानावर एकही कसोटी न गमावलेल्या यजमानांना भारताने तीन गडी राखून नमविले.

त्या विजयाचे श्रेय जिद्दीला मिळाले, तसेच ते देशांतर्गत क्रिकेटलाही मिळाले. कसोटीत नवखे असलेले हे गोलंदाज क्रिकेटमध्ये नवखे नव्हते. सिराजने २०१६-१७ च्या रणजी हंगामात हैदराबादसाठी ४१ बळी घेतले होते, तर ठाकूरने २०१४-१५ च्या हंगामात मुंबईसाठी ४८ बळी मिळविले होते.

वयोगटांच्या पायऱ्या

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या (बीसीसीआय) रचनेत मुलांची पहिली महत्त्वाची राष्ट्रीय पायरी म्हणजे १६ वर्षांखालील खेळाडूंसाठीचा विजय मर्चंट करंडक. त्यानंतर १९ वर्षांखालील गटात दीर्घ स्वरूपाचा कूचबिहार करंडक आणि एकदिवसीय सामन्यांचा विनू मांकड करंडक खेळविला जातो. २३ वर्षांखालील खेळाडूंसाठी कर्नल सी. के. नायडू करंडक आहे. प्रत्येक पायरीवर प्रतिस्पर्धी अधिक कसलेले असतात आणि खेळाडूच्या संयमाची व तंदुरुस्तीची परीक्षा वाढत जाते.

वय लपवून खालच्या गटात खेळण्याचा प्रकार ही या रचनेची जुनी डोकेदुखी आहे. त्याला आळा घालण्यासाठी डाव्या मनगटाच्या क्ष-किरण तपासणीतून हाडांचे वय ठरविण्याची ‘टीडब्ल्यू-३’ पद्धत वापरली जाते. वयाने मोठा खेळाडू लहानांच्या गटात खेळला, तर एका पात्र मुलाची जागा जातेच. शिवाय त्या मोठ्या खेळाडूच्या गुणवत्तेचा अंदाजही चुकतो.

रणजी : खरी कसोटी

१९३४-३५ मध्ये सुरू झालेला रणजी करंडक हा या इमारतीचा मुख्य आधारस्तंभ आहे. साखळीतील सामने चार दिवसांचे असतात. निर्णायक विजयाला सहा गुण मिळतात आणि डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला तीन आणि पिछाडीवर राहिलेल्या संघाला एक गुण दिला जातो. त्यामुळे दोन-दोन दिवस क्षेत्ररक्षण करून झाल्यावर खेळपट्टीवर तग धरण्याची सवय तरुणांना लागते. याच नियमामुळे काही संघ आघाडीवर समाधान मानतात आणि विजयाचा ध्यास सोडतात, अशी टीकाही होते.

रणजीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे परिस्थितीतील विविधता. उत्तरेतील हिवाळी सकाळी दमट हवेत चेंडू हलतो, तर अन्यत्र कोरड्या मातीत तो तिसऱ्या दिवसापासून फिरू लागतो. एकाच हंगामात या दोन्हींना सामोरे गेलेल्या फलंदाजाला परदेशातील नवी खेळपट्टी तुलनेने कमी परकी वाटते.

या स्पर्धेचा पायाही विस्तारला आहे. २०१८-१९ च्या हंगामात बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी आणि ईशान्येकडील सहा राज्ये असे नऊ संघ दाखल झाले. पुढील हंगामात चंदीगड आल्याने संघांची संख्या ३८ झाली. मुंबईच्या नावावर ४२ विजेतेपदे असली, तरी तिची मक्तेदारी आता राहिलेली नाही. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा, तर मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये करंडक उंचावला. विदर्भाची पहिली दोन आणि मध्य प्रदेशाचे हे विजेतेपद चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली आले.

मधला पूल

कनिष्ठ गटातील यश वरिष्ठ संघापर्यंत पोहोचेलच असे नाही. २०१२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून भारताला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार उन्मुक्त चंद वरिष्ठ भारतीय संघाकडून एकदाही खेळला नाही. २०२१ मध्ये तो भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन अमेरिकेकडे वळला. कनिष्ठ संघाचे तत्कालीन प्रशिक्षक राहुल द्रविड यांचा आग्रह होता, की १९ वर्षांखालील क्रिकेट हे अंतिम ध्येय ठरू नये. त्यातूनच एका खेळाडूला या गटाचा विश्वचषक एकदाच खेळू देण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

वयोगटाचे क्रिकेट, रणजी आणि भारतीय संघ यांच्यातील अंतर सांधण्याचे काम ‘भारत अ’ संघ करतो. या संघाच्या सामन्यांत रणजीत चमकलेल्या खेळाडूंची गाठ परदेशी ‘अ’ संघांशी पडते. सिराजने सप्टेंबर २०१८ मध्ये बंगळुरूत ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाविरुद्ध एका डावात ५९ धावांत आठ बळी घेतले होते. मेलबर्नमधील त्याचे कसोटी पदार्पण त्यानंतर दोन वर्षांनी झाले. याला जोड मिळते ती बंगळुरूत २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीची. सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या तिच्या नव्या संकुलात लाल आणि काळ्या अशा दोन्ही मातीच्या खेळपट्ट्या आहेत.

आयपीएलची जवळची वाट

२००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने शिडीला समांतर दुसरी वाट निर्माण केली. ब्रिस्बेनमध्ये पदार्पण करणाऱ्या सुंदरने त्यापूर्वी तीन वर्षे एकही प्रथम श्रेणी सामना खेळला नव्हता. तरीही त्याने पहिल्या डावात ६२ धावा करीत ठाकूरसह सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागीदारी रचली. केवळ रणजीतूनच कसोटीपटू घडतो, असे म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

दुसरीकडे, रणजीत धावांच्या राशी रचणाऱ्यांना वाट पाहावी लागते. सर्फराज खानने २०१९-२० मध्ये ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. कसोटीची संधी मात्र त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोट येथे मिळाली. त्याने ६२ आणि नाबाद ६८ धावा करून तिचे सोने केले. देशांतर्गत कामगिरीची दखल वेळेवर घेतली गेली नाही, तर तरुण खेळाडू चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये घाम का गाळील, हा प्रश्न निवड समितीपुढे कायम असतो.

महिला क्रिकेट

महिलांच्या क्रिकेटमध्येही ही साखळी फळ देऊ लागली आहे. २०२३ मध्ये १९ वर्षांखालील पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार शेफाली वर्मा २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या मूळ संघात नव्हती. प्रतिका रावल जखमी झाल्याने तिला बोलावण्यात आले, तेव्हा ती हरियाणाकडून देशांतर्गत टी-२० स्पर्धा खेळत होती. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात तिने ८७ धावा आणि दोन बळी अशी कामगिरी केली. अनेक दिवसांच्या सामन्यांबाबत मात्र महिलांची रचना अद्याप तोकडी आहे. सहा वर्षांच्या खंडानंतर अशी आंतरविभागीय स्पर्धा २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाली.

दिग्गजांचे पुनरागमन

२०२४ च्या अखेरीस न्यूझीलंडने भारताला मायदेशी ३-० असे पराभूत करून सलग १८ मालिका विजयांची परंपरा खंडित केली. पुण्यात मिचेल सँटनरने १३, तर वानखेडेवर एजाझ पटेलने ११ बळी घेतले. फिरकीपुढील ही दैना पाहून आघाडीचे फलंदाज रणजी खेळतच नाहीत, हा जुना आक्षेप पुन्हा पुढे आला. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामन्यांतील सहभाग बंधनकारक केला आणि रोहित शर्मा व विराट कोहली अनेक वर्षांनी रणजीत उतरले.

त्या सामन्यांचा लाभ केवळ या दोघांपुरता नव्हता. जम्मू-काश्मीरच्या उमर नझीरने रोहितला स्वस्तात बाद केले आणि त्याच्या संघाने बलाढ्य मुंबईला तिच्याच मैदानावर पाच गडी राखून हरविले. दिल्लीत रेल्वेच्या हिमांशू सांगवानने कोहलीचा त्रिफळा उडविला. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजाला गोलंदाजी करण्याची संधी अशा खेळाडूंना अन्यथा क्वचितच मिळते. खालच्या पायरीवरील तरुण किती तयार होणार, हे वरच्या पायरीवरील खेळाडू किती वेळा खाली उतरतात यावरही अवलंबून आहे.