नल्लकुंट्याची सोय

माल जिथे स्वस्त तिथे गिऱ्हाईक, असे आपण समजतो. हैदराबादचा अलीकडचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळे तळे. काचीगुडा, बरकतपुऱ्याच्या शेजारची ही मध्यमवर्गीय वस्ती. इथल्या फीवर हॉस्पिटलला लोक अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइनचे झाले कोरंटी! इथला भाजीबाजारही प्रसिद्ध. हैदराबादेत माझा मुक्काम या भागात असला की सकाळी तिथे एक फेरी होतेच.

१९८६ साली या शहरात त्रिनेत्र सुपरमार्केट निघाले. तोवर वाण्यासमोर उभे राहून यादी सांगायची आणि तो बांधून देईल ते घ्यायचे. आता गिऱ्हाईक आत शिरले, हाताने माल उचलू लागले. युक्ती तशी जुनी, अमेरिकेत मेंफिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने १९१६ मध्येच काढलेली.

मग जानेवारी १९९९ मध्ये चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने रयतु बाजार सुरू केले. शेतकरी स्वतः विकणार, मध्ये दलाल नाही, भाव फळ्यावर लिहिलेले. स्वस्ताईच खरी असती तर नल्लकुंट्याच्या भाजीवाल्या तेव्हाच उठल्या असत्या. पण लांबून भाजी आणायची म्हणजे बस, दोन जड पिशव्या आणि शेवटी जिना. वाचलेले चार पैसे गुडघ्यांत जातात, त्यांचा हिशेब फळ्यावर नसतो.

२००६ मध्ये रिलायन्स फ्रेशची पहिली दुकाने हैदराबादेतच उघडली. थंडगार हवा, निवडलेली भाजी. त्रिनेत्र बिर्लांनी घेतले, त्याचे ‘मोअर’ झाले. बाजार तरी भरतच राहिला. गाडीवाल्याची सोय म्हणजे पार्किंग. एकट्या म्हातारीची सोय वेगळी: चालण्याजोगे अंतर, मूठभर कोथिंबीर आणि “सुटे उद्या द्या” म्हणणारी बाई.

आता मोबाईलवर बोट ठेवले की भाजी काही मिनिटांत दारात. यात नवे काय, असे गोंयकार विचारील. आपला पोदेर भोंपू वाजवीत सायकलवरून दारात येतोच की! पण पोदेर आपल्याला नावाने ओळखतो, पैसे नसले तर उद्यावर ठेवतो.

थंड दुकानांपुढे भाजीवाली टिकली, कारण ती त्यांच्यापेक्षा जवळ होती. तेवढेच तिचे भांडवल. मोबाईल मात्र गिऱ्हाइकाच्या उशाशी असतो.