पुरलेले युद्ध

युद्ध केव्हा संपले, असे कोणी विचारले की आपण तारीख सांगतो. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, हे आपण शाळेतच पाठ केले आहे. परंतु त्या युद्धाचा एक हिशेब खुद्द अमेरिकेच्या राजधानीत शंभर वर्षे मिटला नव्हता. तो हिशेब मातीचा होता, आणि तोच आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा वॉशिंग्टनच्या वायव्य भागातील अमेरिकन विद्यापीठाने आपली जागा सरकारच्या स्वाधीन केली. युरोपच्या रणांगणावर विषारी वायूंनी कहर मांडला होता. त्यांचा अभ्यास करावयाचा, त्यांवर उतारा शोधावयाचा आणि त्यांहून जालीम विषे तयार करावयाची, हे काम येथे सुरू झाले. मस्टर्ड वायू आणि सोमलापासून बनविलेले ल्युइसाइट यांचे प्रयोग झाले. भोवतालच्या मोकळ्या जमिनीत तोफगोळे फोडून कुत्र्या-शेळ्यांवर परिणाम पाहिला जाई.

युद्ध थांबले आणि तळ उठला. उरलेला काही माल तेथेच खड्ड्यांत पुरण्यात आला. अशा एका खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या सैनिकाचे छायाचित्र उपलब्ध आहे. त्यासोबतच्या टिपणात त्या खड्ड्याला पाताळातल्या यमपुरीचे नाव दिले आहे. पुढे त्या भूमीवर स्प्रिंग व्हॅली नावाची टुमदार वसाहत उभी राहिली. बागा फुलल्या, मुले हिरवळीवर खेळू लागली. खड्ड्यांची आठवण पुसली गेली.

५ जानेवारी १९९३ रोजी नळाचा चर खणणाऱ्या कामगारांना जुने तोफगोळे लागले. सैन्याने येऊन १४१ वस्तू बाहेर काढल्या आणि १९९५ साली काम संपल्याचे जाहीर केले. शहराच्या अधिकाऱ्यांचे मात्र समाधान झाले नाही. त्यांनी शंका काढल्या, चौकशी पुन्हा उघडावी लागली, आणि आणखी खड्ड्यांतून शेकडो वस्तू निघाल्या. मग सुमारे १,६०० घरांच्या आवारातील माती तपासण्यात आली.

येथे रसायनशास्त्रातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मस्टर्ड वायूचे पाण्याशी संयोग होऊन हळूहळू विघटन होते. ल्युइसाइटही मोडते, पण त्यातला सोमल उरतो. सोमल हे मूलद्रव्य आहे. ते जाळून जळत नाही, कुजवून कुजत नाही. म्हणून दहा लाख भागांत २० भागांहून अधिक सोमल आढळला, तेथील वरची माती खणून दूर नेली व नवी भरली. जुन्या वृक्षांची मुळे तुटू नयेत म्हणून काही ठिकाणी नेचे लावले. हा नेचा मातीतला सोमल पानांत ओढून घेतो, हे २००१ साली प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडेही जुन्या ओलसर भिंतींवर हा नेचा उगवतो. पण पाने कापून न्यावीच लागतात. म्हणजे सोमल नाहीसा होत नाही, त्याची केवळ जागा बदलते.

ज्या घराखाली पुरलेला माल असल्याचा दाट संशय होता, ते २०१२ साली पाडण्यात आले. तेथे खणताना २०१७ साली सात कामगारांना विषबाधेच्या शंकेने इस्पितळात न्यावे लागले. अमेरिका त्या युद्धात एकोणीस महिने होती. त्याची माती निवळण्यास मात्र पाव शतकाहून अधिक काळ लागला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. जमिनीच्या बाबतीत ही म्हण खोटी ठरते. तेथे मूठ जितकी वर्षे झाकलेली राहील, तितकी ती उघडणे महाग पडते. काय पुरले, कोठे पुरले आणि किती पुरले, याची नीट नोंद १९१८ सालीच पुढच्या धन्यांच्या हाती पडती, तर त्या जागी घरे बांधण्यापूर्वीच चार माणसांनी विचार केला असता.

आपणही जागा घेताना सातबारा पाहतो. त्यावर मालक दिसतो, पीक दिसते. जमिनीच्या पोटात काय आहे, ते दिसत नाही. ते लिहून ठेवण्याचे काम पुरणाऱ्याचेच आहे. त्याने ते टाळले, तर त्याचे कर्ज नातवंडांच्या अंगणात निघते.