जनुकाची पोचपावती

कर्करोगावरील जनुकोपचाराची कल्पना ऐकायला सोपी वाटते. गाठीतल्या पेशींमध्ये एक नवे जनुक सोडायचे आणि त्याच्या मदतीने त्या पेशींचा नाश करायचा. पण सोडलेले जनुक गाठीत पोहोचले का? किती पेशींत शिरले? तिथे कामाला लागले का? रुग्णाच्या शरीरावर सुरी न चालवता हे कसे कळावे, या प्रश्नाचा इतिहास आपण इथे पाहणार आहोत.

१९८६ साली अमेरिकेत एफ. एल. मूल्टेन यांनी एक युक्ती मांडली. ओठांवर पुटकुळ्या आणणाऱ्या हर्पिस विषाणूजवळ थायमिडीन कायनेज नावाचे विकर असते. गॅन्सिक्लोव्हिर या औषधाच्या रेणूला ते फॉस्फेटचा गट जोडते. मग पेशीतली इतर विकरे आणखी फॉस्फेट जोडतात आणि तयार झालेला रेणू डीएनएची जुळणी थांबवतो. विभाजन करू पाहणारी पेशी मरते. आपल्या पेशींतील विकर हे पहिले काम जवळजवळ करतच नाही. म्हणून विषाणूचे हे जनुक ज्या पेशीत असेल तिलाच औषध मारक ठरते. मूल्टेन यांनी उंदराच्या कर्कपेशींत हे दाखवून दिले. १९९२ मध्ये केनेथ कल्व्हर आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने उंदरांच्या मेंदूतील गाठी नाहीशा केल्या.

माणसांत मात्र निराशा झाली. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या २४८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांना जनुकोपचाराची जोड दिलेले रुग्ण जोड न दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक काळ जगले नाहीत. आता याचा अर्थ काय लावायचा? कल्पनाच चुकीची होती, की जनुक पुरेशा पेशींत पोहोचलेच नाही? गाठीचा तुकडा काढून तपासता येतो, पण त्यातून त्या तुकड्यापुरतेच कळते, आणि मेंदूतून पुन्हा पुन्हा तुकडे कोण काढणार? ‘उपचार फसला’ आणि ‘उपचार पोहोचलाच नाही’ यांत फार फरक आहे. पहिल्यात कल्पना सोडून द्यावी लागते, दुसऱ्यात पोहोचवण्याची रीत सुधारावी लागते.

गंमत म्हणजे, हा फरक ओळखण्याचे साधन त्या जनुकातच दडलेले होते. फॉस्फेट जोडलेल्या रेणूवर विद्युत प्रभार येतो आणि त्याला पेशीच्या आवरणातून सहज बाहेर पडता येत नाही. औषधासारखाच एखादा रेणू किरणोत्सारी अणू जोडून अगदी अल्प प्रमाणात टोचला, तर जनुक काम करत असलेल्या पेशींत तो अडकून राहील आणि बाकी ठिकाणांहून हळूहळू निघून जाईल. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात युरी त्युवायेव्ह, रोनाल्ड ब्लासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली उंदरांत हे सिद्ध केले. त्यांनी एफ.आय.ए.यू. या रेणूला किरणोत्सारी आयोडीन जोडले होते. लॉस एंजेलिसमध्ये मायकेल फेल्प्स, मूळचे भारतीय असलेले संजीव गंभीर आणि त्यांच्या गटाने किरणोत्सारी फ्लोरिन वापरून याच दिशेने काम केले.

चित्र घेण्यासाठी पेट स्कॅन वापरतात. किरणोत्सारी अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना जातात. शरीराभोवतालच्या कड्यातील संवेदक ते टिपतात आणि संगणक उगमस्थान शोधतो.

२००१ साली जर्मनीत आंद्रेआस जेकब्स यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या ५ रुग्णांत ही रीत वापरली. त्यांपैकी एकाच्याच गाठीत जनुक काम करत असल्याची खूण दिसली, आणि त्या रुग्णात गॅन्सिक्लोव्हिर दिल्यावर गाठीचा नेमका तोच भाग मृत झालेला आढळला. पत्राची पोचपावती मिळावी तसेच हे होते. २००५ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे यकृताच्या कर्करोगाच्या ७ रुग्णांचा अभ्यास झाला. विषाणूचे किमान एक लाख कोटी कण टोचलेल्या सर्व रुग्णांत खूण दिसली. मात्रा किती हवी, याचा हा जिवंत माणसातला पुरावा होता.

पुढे हीच खूण रुग्णाच्या प्रतिकारपेशींना लावण्यात आली. जनुक घालून कर्करोगाविरुद्ध तयार केलेल्या पेशी मेंदूतल्या गाठीजवळ असल्याचे २००९ मध्ये एका रुग्णात दिसले, आणि २०१७ मध्ये अशा ७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी पेशींमध्ये जनुक घालण्याचा उपचार तयार झाला आणि २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. अशा पेशी शरीरात कुठे जातात, हा प्रश्न त्यामुळे आपल्याही जवळचा झाला आहे.

ही पद्धत सर्वज्ञ मात्र नाही. मोजक्या पेशींतली खूण पेट स्कॅनला दिसत नाही. शिवाय हे रेणू निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर ओलांडू शकत नाहीत. म्हणून चित्र कोरे आले तर तीन शक्यता उरतात: जनुक पोहोचले नाही, फार थोड्या पेशींत पोहोचले, किंवा शोध घेणारा रेणूच तिथवर गेला नाही. यांतली कोणती खरी, हे ठरवायला पुढचा प्रयोग कसा रचावा? नववी-दहावीच्या वर्गासमोर हा प्रश्न जरूर ठेवून पाहावा, असे आम्हाला वाटते.