मातीची पाळ व तिचा पुरावा

अकोटाहून उत्तरेस नरनाळ्याकडे जातांना सातपुड्याच्या पायथ्याशीं पोपटखेड लागतें. तेथें डोंगरांतून येणारें पाणी अडविणारें मातीचें धरण आहे. किल्ल्यावर जाणारा संशोधक तिकडे क्वचितच पाहतो. त्याचें लक्ष महाकाली दरवाज्याकडे असतें. त्या दरवाज्यावरील शिलालेखांत शिहाबुद्दीन महमूदशहा बहमनी व फत्तेउल्ला इमादुल्मुल्क हीं नांवें आणि हिजरी ८९२ (इ. स. १४८७) हा काल मिळतो. मातीच्या पाळीवर असा लेख कोण कोरणार?

पाळीची नोंद होते ती बहुधा ती फुटल्यावर. सौराष्ट्रांतील गिरनारचा लेख या गोष्टीची साक्ष आहे. शक ७२ (इ. स. १५०) मधील महापुरानें सुदर्शन तलावाची पाळ ४२० हात लांब, तितकीच रुंद व ७५ हात खोल अशी फुटली. भगदाड पाहून मंत्र्यांनीं हात टेकले व प्रजेनें आकांत केला. तेव्हां महाक्षत्रप रुद्रदामन् यानें कर अगर वेठ न लादतां, स्वतःच्या कोशांतून, अमात्य सुविशाख याजकडून ती पुन्हां बांधविली. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळीं हा तलाव करविणारा वैश्य पुष्यगुप्त आम्हांस ठाऊक आहे तो याच लेखामुळें. पाळ फुटली नसती तर त्याचें नांवहि उरलें नसतें!

याच लेखांत ‘परिवाह’ असा शब्द आहे. तोच आपला सांडवा. दगडी बांध माथ्यावरून जाणारें पाणी कांहीं काळ सोसतो. माती सोसत नाहीं. पाणी माथ्यावरून वाहूं लागलें कीं माती धुपते व पाळ फुटते. म्हणून मातीच्या धरणाचा जीव सांडव्यांत असतो. कौटिल्यानें पाणी धरणारा सेतु फोडणारास तेथेंच बुडविण्याचा दंड सांगितला, आणि नवा तलाव व सेतु बांधणारास पांच वर्षांची करमाफी दिली. दंड व माफी दोहोंवरून पाळीचें मोल कळतें.

पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस एवढीच विनंति आहे कीं, शिक्क्याची सनद तेवढी ठेवून गांवच्या जमाखर्चाचे सुटे बंद रद्दींत घालूं नयेत. ‘पाळ’, ‘बांध’, ‘सांडवा’, ‘फुटी’ हे शब्द ज्या बंदांत आढळतील ते वेगळे काढून त्यांची नक्कल करावी. मातीकामाच्या मजुरीची एक ओळ मिळाली तरी ती पाळ केव्हां घातली व कोणाच्या श्रमानें उभी राहिली हें कळूं शकतें. आजच्या धरणांचे नकाशे व हिशेबहि असेच जपावे. पाळ फुटेपर्यंत वाट पाहणें इतिहासकारास शोभत नाहीं.