वजन थांबलं म्हणजे ऑपरेशन फसलं?

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा काटा पाच-सहा महिन्यांनी अडकला की एकच निदान ऐकू येतं. पोट पुन्हा ताणलं गेलं, तोंडावर ताबा राहिला नाही, आता आठवडाभर नुसत्या पातळ पदार्थांवर राहा. कोलकात्याजवळच्या न्यू टाउनमध्ये नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मराठी घरातली सून असो की शेजारच्या सदनिकेतल्या बंगाली काकू, ऑपरेशन झालं असेल तर दोघींना हेच ऐकावं लागतं. नागपूरहून फोन करणारी आत्या पुढे विचारते, "एवढे लाख घातले, मग उपयोग काय झाला?" हे मत चुकीचं आहेच, पण त्यापायी रुग्णाच्या शरीराला अपायही होतो. म्हणून त्याचा मुळापासून विचार करायला हवा.

आधी त्या मताची बाजू नीट मांडू. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. पोट लहान म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून वजन कमी, अशी ही साखळी. मग वजन उतरायचं थांबलं याचा अर्थ खाणं वाढलं असणार, आणि खाणं वाढलं तर पोट ताणलं असणार. नळी काळानुसार काहीशी रुंदावते हे खरं आहे. वर्षभरानंतर सवयी सैल पडतात आणि तपासणीला यायचं टाळलं जातं, हेही खरं. अनुभवी डॉक्टरसुद्धा हे सांगतात ते उगाच नाही.

पण साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. पोट लहान झाल्यामुळे वजन उतरतं, हे शस्त्रक्रियेचं निम्मंसुद्धा स्पष्टीकरण नाही. जठराचा जो वरचा फुगीर भाग स्लीव्हमध्ये जातो, तिथेच भूक चाळवणारं घ्रेलिन मोठ्या प्रमाणावर तयार होतं. अन्न आतड्यात लवकर पोचू लागल्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं कितीतरी जास्त स्रवतात. मेंदू जे वजन राखायला धडपडत असतो, ते वजनच खाली येतं. सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवर केलेला प्रयोग इथे निर्णायक वाटतो. स्लीव्ह केलेल्या काही उंदरांना त्यांनी मुद्दाम कमी खायला दिलं आणि त्यांचं वजन आणखी खाली नेलं. मग अन्न मोकळं केलं. पोट तेवढंच लहान होतं, तरी हे उंदीर जास्त खाऊ लागले आणि स्लीव्ह झालेल्या इतर उंदरांच्या वजनाशी येऊन थांबले. लहान पोटाने त्यांना अडवलं नाही. शस्त्रक्रियेने ठरवून दिलेल्या नव्या वजनावर शरीर पोचलं आणि तिथे स्थिरावलं. माणसाचा काटा वर्ष-दीड वर्षाने थांबतो तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

दुसरी कच्ची कडी हिशेबाची आहे. मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ साली एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी असं गणित मांडलं, म्हणजे किलोला साधारण ७७००. तेव्हापासून आहाराच्या तक्त्यांत ते सूत्र ठाण मांडून बसलं आहे. ते शेवटपर्यंत चालवून पाहा. ११० किलोची बाई रोज ५०० कॅलरी कमी खात राहिली, तर सुमारे साडेचार वर्षांत तिचं वजन शून्य व्हायला हवं. तसं होत नाही, कारण वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. विश्रांतीतला खर्च मोजायच्या प्रचलित सूत्रात दर किलोमागे दिवसाला दहा कॅलरी धरतात. ३५ किलो गेले की ३५० कॅलरींचा रोजचा खर्च तिथेच आटला. चालण्याचंही तसंच. न्यू टाउनमधल्या इको पार्कच्या तळ्याकाठची जी फेरी ती ११० किलोची असताना मारत होती, तीच फेरी ७५ किलोची झाल्यावर जवळजवळ एक तृतीयांश स्वस्त पडते. यापलीकडेही शरीर काटकसर करतं. रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की वजन दहा टक्के उतरलं की खर्च आकारमानाच्या हिशेबापेक्षाही जास्त घटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं आणि शेवटी शेवटी जवळपास थांबलं. त्यांच्या ताटात कोणी चोरून घास वाढत नव्हता.

पहिल्या महिन्यातल्या थबकण्याचं कारण तर याहूनही साधं आहे. सुरुवातीला यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेन संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत काटा झरझर उतरतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडा साठा परत भरतो, पाणीही परत येतं आणि काटा जागच्या जागी थांबतो. चरबी मात्र त्या दिवसांतही वितळत असते. इथे करायचं ते एवढंच की वाट पाहायची आणि वजन आठवड्यातून एकदाच करायचं.

वजन थांबणं हा अपवाद आहे की नियम, याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळतं. १९८७ साली सुरू झालेल्या तिथल्या लठ्ठपणाच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २०१० रुग्ण होते. त्यांचं सरासरी वजन दोन वर्षांनी २३ टक्के कमी होतं, दहा वर्षांनी १७ आणि वीस वर्षांनी १८ टक्के. म्हणजे पहिल्या दोन वर्षांनंतर सरासरी माणसाचं वजन पुढे उतरलंच नाही, थोडं वर आलं आणि तिथे टिकलं. तरीही याच गटातले मृत्यू, वय आणि इतर धोके जमेस धरल्यावर, तुलनेच्या गटापेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरले. आयुष्य वाढवणारा उपचार आणि 'फसलेलं ऑपरेशन' हे एकाच आलेखाचं वर्णन असू शकत नाही.

आपल्याकडचं उघड उदाहरण नितीन गडकरींचं. २०११ साली त्यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी सांगितलं की आपलं वजन पूर्वी १३५ किलो होतं, आता ९३ आहे. ४२ किलो म्हणजे मूळ वजनाच्या ३१ टक्के. आपल्या व्यायामाबद्दलही ते जाहीरपणे बोलतात आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हे वजन आणखी खाली का गेलं नाही, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि विचारूही नये. शस्त्रक्रियेनंतर दहा-अकरा वर्षांनी इतकं वजन कमी राखलेलं असणं हे यश आहे. न्यू टाउनच्या सुनेला मात्र ८४ किलोवर थांबल्याबद्दल घरातल्या घरात जाब द्यावा लागतो. त्याच सभेत गडकरींनी तिथल्या खासदारांना घटवलेल्या एकेक किलोमागे मतदारसंघासाठी हजार कोटी देण्याचं आव्हान दिलं. हेतू चांगला होता. तरी किलो म्हणजे इच्छाशक्तीचं माप ही समजूत त्यातून घट्टच होते, हे मला खटकतं.

काटा काय मोजतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२. वजन तेच, शरीर वेगळं. शस्त्रक्रियेनंतर थांबलेल्या काट्यालाही हे लागू आहे. स्नायू वाढत आणि चरबी घटत असताना महिनाभर किलो हलत नाहीत, कमरेचा पट्टा मात्र एक भोक आत जातो. पुण्याच्याच डॉ. शशांक शहा आणि सहकाऱ्यांनी बॉडी मास इंडेक्स ३५च्या खाली असलेल्या पंधरा मधुमेहींवर बायपास करून पाहिला आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन महिन्यांत पंधराही जणांची मधुमेहाची औषधं थांबली. ऑपरेशनचा उपयोग काय झाला, असं विचारणाऱ्या आत्याने आधी साखरेचा आणि रक्तदाबाचा रिपोर्ट मागावा.

आता अपायाबद्दल. वजन अडकलं म्हणून रुग्णाला पुन्हा पातळ आहारावर नेण्याची, 'पाउच रीसेट' या नावाने परदेशातून आलेली पद्धत आता आपल्याकडेही सांगितली जाते. पाच दिवस पातळ खाल्ल्याने ताणलेलं जठर आक्रसत नाही. काट्यावर दोन किलो जातात ते पाण्याचे, आणि जेवण सुरू होताच परत येतात. खरा तोटा स्नायूंचा होतो. शस्त्रक्रियेनंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती चुकली तर केस गळतात, ताकद जाते आणि स्नायू घटल्यामुळे विश्रांतीतला खर्च आणखी खाली येतो. ज्या अडथळ्यावर इलाज करायचा, तोच यामुळे पक्का होतो. त्यात उलट्या होत असतील तर धोका गंभीर असतो. थायामिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा काही आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की चालताना तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, माणूस गोंधळतो, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूची हानी कायमची राहते.

मग वजन थांबलं की काहीच करायचं नाही? करायचं, पण आधी थांबणं आणि परत चढणं यांत फरक करायचा. उतरलेलं वजन महिनोन् महिने चढत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि तिथे पोट ताणण्याच्या शक्यतेइतकाच शोध इतर कारणांचा व्हायला हवा. स्टेरॉइड, इन्सुलिन, ओलान्झापीन, व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधं वजन वाढवतात. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. बायपासनंतर दारू पटकन चढते आणि तिच्या कॅलरींना पोटाचा आकार आडवा येत नाही. फरसाण, बिस्किटं, गोड चहा असं दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणंही लहान पोटाला सहज पेलतं. खाण्याच्या सवयीचा दोष असेल तर तो इथे असतो, आणि तो रागावून सुटत नाही. कधी बायपासचा कप्पा आणि बाजूला ठेवलेलं जठर यांच्यात पुन्हा वाट तयार होते. ते एंडोस्कोपीत किंवा बेरियम तपासणीत दिसतं आणि त्यावर शस्त्रक्रियेचा इलाज आहे.

औषधंही आहेत. लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतकं वजन न उतरलेल्या आणि जीएलपी-१ कमी स्रवणाऱ्या ७० रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. चोवीस आठवड्यांत जीएलपी-१सारखं काम करणारं लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ८.८ टक्के उतरलं, औषध नसलेली इंजेक्शनं घेणाऱ्यांचं अर्धा टक्का. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून ज्यांना बोल लावला जातो, त्यांच्या शरीरात संप्रेरक कमी पडत होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. त्याच वर्गातली वजनासाठीची पुढची औषधं २०२५पासून भारतातही मिळतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

न्यू टाउनमध्ये राहणाऱ्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्याशा वाटतात. तिथल्या कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारे अनेक आहेत. शिकागोत २००४ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि तृप्तीचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्याचा आहाराचा तक्ता बदलण्याआधी त्याची झोप विचारायला हवी. दुसरी गोष्ट ताटाची. बंगालमध्ये राहून प्रथिनांची अडचण व्हायचं कारण नाही. कातला-रुईचा झोल आहे, अंडी आहेत. शाकाहारी घराला छाना, दही, मुगाची उसळ आणि सातू आहे. पहिला घास याचा, भाताचा नंतर. रसगुल्ल्याचा पाक मात्र बायपास झालेल्या पोटाला अनेकदा सोसत नाही, छाती धडधडते आणि घाम फुटतो. मिठायांची दुकानं एकत्र असलेल्या मिष्टी हबला गेलात तर हे लक्षात असू द्या. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करा, कारण स्नायू राखायला नुसतं चालणं पुरत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती आहे. संमतीपत्रावर सही घेताना रुग्णाबरोबर घरच्यांनाही समोर बसवा आणि दोन आकडे लिहून द्या: या माणसाचं वजन साधारण किती किलोवर थांबेल, आणि शस्त्रक्रियेनंतर कितव्या महिन्यात थांबेल.