कोरी दहा वर्षं

आयटीत आमचा हिशोब वर्षाला होतो, अप्रेझलमध्ये. संशोधकांचा होतो सायटेशन्समध्ये, म्हणजे तुमच्या पेपरचा हवाला पुढे किती जणांनी दिला त्यावर. या शनिवारी मी एरिक बेटझिगचे पेपर तारखेप्रमाणे लावून बघत होतो. यादीच्या मधोमध एक भलंमोठं भगदाड आहे. आजचं पुराण त्या भगदाडाचं!

बेटझिग अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. १९९३ मध्ये चिचेस्टरबरोबर त्याने सुटे रेणू चमकताना पाहिल्याचा पेपर 'सायन्स'मध्ये छापला. नाव झालं होतं. पण १९९४ मध्ये कंटाळून त्याने बेल लॅब्ज सोडली, आणि जाता जाता १९९५ मध्ये 'ऑप्टिक्स लेटर्स'मध्ये तीन पानांचा एक पेपर टाकला. नुसती कल्पना, प्रयोग काहीच नाही.

कल्पना समजायला सोपी आहे. १८७३ मध्ये अर्न्स्ट अ‍ॅबे सांगून गेला होता की साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून एकच दिसतात. लांबून लाइटिंगच्या माळेचा पट्टा दिसतो ना, तसं. पण माळेतले दिवे थोडे थोडे करून पेटवले तर? प्रत्येक दिवा दिसेल धुरकटच, पण त्या धुरकट ठिपक्याचा मध्य अचूक काढता येतो. असे सगळे मध्य एका नकाशावर मांडले की झालं चित्र तयार. (आमच्या भाषेत टाइम-मल्टिप्लेक्सिंग!) फक्त जिवंत पेशीतले रेणू असे वेगवेगळे 'पेटवायचे' कसे, याचं उत्तर १९९५ मध्ये हाताशी नव्हतं.

मग बेटझिग वडिलांच्या मशीन टूल्सच्या कंपनीत गेला. तिथे अवजड भार झपाट्याने हलवणारं एक हायड्रॉलिक यंत्र त्याने बनवलं. विकली गेली फक्त दोन!

इकडे २००२ मध्ये जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिन्कॉट-श्वार्ट्झ यांनी एक हिरवं प्रोटीन तयार केलं. त्यावर जांभळा प्रकाश टाकला की ते शंभरपट चमकू लागतं. हाच तो स्विच. बेटझिगला त्याचा पत्ता लागला २००५ मध्ये. बेल लॅब्जमधला जुना मित्र हॅराल्ड हेस तेव्हा त्याच्यासारखाच बेकार होता. दोघांनी पदरचे पैसे घालून हेसच्या ला होयामधल्या दिवाणखान्यात मायक्रोस्कोप जोडला आणि तो लिपिन्कॉट-श्वार्ट्झच्या बेथेस्डामधल्या लॅबमध्ये नेऊन लावला. २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर आला. त्याच वर्षी शाओवेई च्वांग आणि सॅम हेस (हा हॅराल्डचा कोणी नाही) यांचेही गट जवळजवळ तेच घेऊन आले. स्विच बाजारात आल्यावर कल्पना सगळ्यांनाच सुचणार होती, असं मला तरी वाटतं.

आता गंमत बघा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांच्या पेपरांचेच हवाले मोजतो. म्हणजे १९९५ च्या त्या तीन पानांना मोजदादीत जागा मिळाली फक्त १९९६ आणि १९९७ मध्ये, जेव्हा त्यांचा कोणाला काही उपयोगच नव्हता. दुसरा मापदंड एच-इंडेक्स: एच दहा म्हणजे किमान दहा हवाले मिळालेले दहा पेपर. तो जॉर्ज हिर्शने मांडला २००५ मध्येच, आणि हिर्शचं विद्यापीठही ला होयामध्येच! २००६ च्या पेपरचे हवाले आज हजारोंच्या घरात आहेत, पण एचच्या हिशोबात तोही एकच पेपर धरतात.

२०१४ मध्ये बेटझिगला स्टेफान हेल आणि मोर्नरबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्याहून भारी वाटते ती जनेलियाची गोष्ट. हॉवर्ड ह्यूज संस्थेच्या या नव्या केंद्राने बेटझिगला २००५ मध्येच नोकरी दिली. तेव्हा बायोडेटात ते भगदाड होतं आणि 'सायन्स'चा पेपर छापून यायचा होता.