बैगांचे गोंदण : अंगावर धारण केलेला संसार

वैनगंगेकाठचा बालाघाट मराठी माणसास परका नाही. लांजीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. १८६७ साली बालाघाट हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा तो मध्य प्रदेशातच राहिला. याच जिल्ह्यात, बैहरकडील डोंगराळ अरण्यात, बैगा लोकांची वस्ती आहे. त्यांच्या स्त्रियांचे गोंदण ही आपल्या देशातील आलंकारिक आकृतींची एक समृद्ध परंपरा होय.

गोंदण्याचे काम बहुधा बादी जातीच्या स्त्रिया करितात. कारळ्याच्या, म्हणजे तिकडील रामतिळाच्या, काजळीचा रंग करून तो सुयांनी त्वचेत उतरविला जातो. मुलगी आठ वर्षांची झाली की कपाळ गोंदतात. पुढे वयाबरोबर हात, पाठ, पाय आणि छाती. वेरियर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ‘द बैगा’ या ग्रंथात या गोंदणाची दखल घेतली आहे.

आता या आकृती पाहाव्या. कपाळावरील कोनाकृती खुणेस चूल मानतात. हळकुंड, टोपली, मोर, माशी हे सारे घरातले नि रानातले. ‘सीतेची रसोई’ ही आकृती तर आपणांसही ओळखीची वाटेल. दूर उझबेकिस्तानात वधूच्या भरतकामात डाळिंब संततीसाठी आणि मिरची दृष्ट टळावी म्हणून काढितात. तेथील मंगलचिन्हे कापडावर राहतात, बैगा स्त्री ती देहावर वागविते. एवढाच काय तो भेद. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण मात्र मरणानंतरही सोबत येते, अशी तिची श्रद्धा आहे. दरिद्री घरातील स्त्रीचे हे एकमेव अक्षय स्त्रीधन!

आज पुष्कळ बैगा मुली गोंदवून घेण्यास राजी नसतात. वेदना हे एक कारण. शहरी माणसाची उपहासाची नजर हे दुसरे. पहिल्या कारणापुढे मान तुकविलीच पाहिजे, कारण देह त्या मुलीचा आहे. दुसऱ्याचा दोष मात्र आपल्याकडे येतो. आपल्या आज्यांच्या हातांवरही तुळशीवृंदावन होते. त्याचा अर्थ विचारून ठेवण्याचे आपणांपैकी कितीजणांस सुचले? बैगा मुलीने गोंदवावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. त्या खुणांची लाज वाटावी असे मात्र त्यांत काहीही नाही, एवढे तिला आपल्या नजरेतून कळले पाहिजे.